सड्यावरची पिल्लं

आमच्या घरात सरड्यांचा विषय आला तो दादामुळे, आणि सुरुवातीला तो कुणालाच आवडला नव्हता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मिलिंद. तो एम.एस्सी. झाला आणि पीएच.डी.ला लागला, तेव्हा बाबांच्या टोळीतल्या हमालांनी त्यांना विचारलं, पोरगा डॉक्टर होणार म्हणजे नक्की कशाचा? बाबा घरी आले, पाय धुतले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, "कशाचा म्हणून सांगू मी लोकाइले?" दादा म्हणाला, "सरड्यांचा म्हणून सांगा." बाबांनी टॉवेलने पाय कोरडे केले. मग म्हणाले, "शिकून राहिला अजून, इतकंच सांगतो."

मार्केट यार्डाच्या मागच्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा भुसार विभागात पोती वाहायचे, माय एका आडत्याच्या दुकानी धान्य निवडायला बसायची. दोघं यवतमाळकडून आली तेव्हा दादा मायच्या कडेवर होता आणि मी अजून नव्हते. त्यांची बोली तशीच राहिली. आमची शाळेत जाऊन पुण्याची झाली. घराला कायम कसला ना कसला वास असायचा. गुळाच्या गाड्या लागल्या की गोड, जड. मिरचीच्या लागल्या की सगळी वस्ती शिंकत उठायची. पहाटे ट्रक मागे घेताना क्लीनर पत्र्यावर थापा मारायचे, "आन दे, आन दे" म्हणून ओरडायचे, आणि त्या आवाजात झोपायची आम्हाला इतकी सवय होती की बाजार बंद असलेल्या दिवशीच आम्ही लवकर उठायचो. सांडलेल्या दाण्यांवर कबुतरं उतरायची आणि गोदामांच्या भिंतींवर सरडे उन्हं खात बसायचे. वस्तीतली पोरं त्यांना दगड मारायची. दादा मात्र लहानपणापासून नुसता बघत बसायचा, आणि माय हाका मारून थकायची.

त्याचं काम कोकणात होतं, रत्नागिरीच्या अलीकडच्या एका गावी. समुद्राच्या वर जांभ्या दगडाचं उघडं पठार असतं, तिकडे त्याला सडा म्हणतात. दादा स्वारगेटवरून एसटीने जायचा, तिथे एका विधवा काकींच्या पडवीत मुक्काम करायचा आणि कितीतरी दिवसांनी परत यायचा तेव्हा काळा ठिक्कर पडलेला असायचा, ओठ फुटलेले असायचे. पिशवीत नारळ आणि सोडे असायचे. माय सोडे वांग्यात घालायची, सोबत ज्वारीची भाकर आणि ठेचा. दादा खाली मान घालून जेवायचा आणि दुसरी भाकर संपली की बोलायला लागायचा.

उन्हाळ्यात नर सरडा सड्यावरचा सगळ्यात उंच दगड धरतो, असं तो सांगायचा. तिथे बसून गळ्याची पिशवी पंख्यासारखी उघडतो. निळी, काळी, तांबडी. माद्या तशा दिसतसुद्धा नाहीत. त्या खालच्या बाजूला करवंदीच्या जाळ्यांच्या सावलीत, मातीच्या रंगाच्या, मुंग्या खात हिंडतात. लोक येतात ते नर बघायला, फोटो काढतात ते नरांचे. "आणि पिल्लं?" मी विचारलं होतं. दादाला तेच हवं असायचं. पिल्लं सड्यावर नसतातच, तो म्हणाला. ती असतात पार खाली, वाळूच्या कडेला, जमिनीलगत पसरणाऱ्या मर्यादवेलीत. तिथे ऊन जास्त, आडोसा कमी, वर कावळे टपलेले. चांगली जागा सोडून ती तिथे का राहतात, हे त्याला शोधायचं होतं. मोठे त्यांना वर येऊ देत नाहीत, असं त्याला वाटायचं. एकदा त्याने एका मोठ्या नराला पिल्लू गिळताना पाहिलं होतं.

"सोताचंच पिल्लू?" माय म्हणाली.

"स्वतःचं की दुसऱ्याचं, त्याला कुठे कळतं, माय."

मायने हातातला घास ताटात ठेवला. "जेवताना नोको सांगत जाऊ असं काही."

मी आता कोथरूडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पन्नाशी उलटून गेली. आमच्या सोसायटीच्या कुंपणावरही सरडे येतात आणि वॉचमन त्यांना काठीने हाकलतो, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली आहे. मुलांना वर्गात मी दादाचं नाव न घेता त्याचीच वाक्यं सांगते. त्यांना ती आवडतात. प्रश्नाचं उत्तर काय, असं कुणीतरी हमखास विचारतं.

त्या वर्षी मे महिना सरत आला होता. माद्या अंडी घालायला कुठे उकरतात ते बघायला दादाने एक दगड उलटला आणि त्याच्या बोटाला काट्यासारखं काहीतरी टोचलं. फुरसं होतं, वीतभर लांब. दादाला साप ओळखता येत होते, म्हणून त्याने आरडाओरडा केला नाही, हात न हलवता गावात उतरला आणि काकींच्या दारात बसून रिक्षा मागवा म्हणाला. तालुक्याच्या दवाखान्यात सापाची इंजेक्शनं दिली. तोवर हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. फोन आला तो आडत्याच्या दुकानात. बाबांच्या पाठीवर तेव्हा पोतं होतं. दिवाणजींनी हाक मारली, "मिलिंदला साप चावलाय." बाबांनी पोतं थप्पीपर्यंत नेलं, नीट लावलं आणि मग येऊन फोन घेतला. हे दिवाणजींनीच मायला पुढे सांगितलं, कौतुकाने की नवलाने ते मला कधी कळलं नाही.

दादाला पुण्याला आणलं तेव्हा त्याचा हात कोपरापर्यंत काळा पडला होता आणि तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. जीव वाचला होता, पण लघवी थांबली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन समजावलं की विषाने किडन्या बंद पडल्या आहेत. कधीकधी त्या परत चालू होतात, वाट बघायची, तोवर मशीनवर रक्त शुद्ध करत राहायचं. आम्ही वाट बघायला लागलो. सगळा पावसाळा वाट बघण्यातच गेला.

त्या महिन्यांत आमच्या घराचं स्वयंपाकघर बदललं. डाळ बंद, केळं बंद, टोमॅटो बंद, दादाच्या आवडीचा ठेचा बंद. माय भाजी उकळून पाणी ओतून द्यायची, परत उकळायची, परत ओतून द्यायची, आणि ताटात जे यायचं त्याला ना वास ना चव. पण खाण्यापेक्षा पाणी वाईट होतं. दादाला दिवसभरात मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती. माय ते एका छोट्या पेल्यात भरून फळीवर ठेवायची आणि तो दिवसभर घोट घोट पुरवायचा. सकाळी वस्तीत नळ यायचा. चाळीस घरांच्या बादल्या, पिंपं, हंडे एकदम भरायला लागायचे, पाणी सांडायचं, बायका भांडायच्या, आणि दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून कानांत बोटं घालून पडायचा. मायने त्याच्यासमोर पाणी पिणं सोडून दिलं. आम्हीही सोडलं. तहान लागली की मी शेजारी जाऊन प्यायचे आणि तोंड पुसून घरी यायचे.

गणपती गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की आता किडन्या चालू व्हायची आशा धरू नका, दुसरी बसवायचं बघा. मायला साखर होती, तिला नाही म्हणाले. बाबा म्हणाले, "माही घ्या."

दादा म्हणाला, "तुम्ही पोती उचलता."

"एका किडनीवर उचलीन."

"नाही उचलता येणार."

"मंग नाई उचलनार," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या तपासण्या सुरू झाल्या.

त्याच सुमारास दादाचे पीएच.डी.चे सर घरी आले. कोथरूडहून बस बदलत आले होते, मार्केट यार्डात चिखल होता, त्यांची पँट पोटरीपर्यंत भरली होती. ते खाटेच्या कडेला बसले, मायने दिलेला चहा त्यांनी पूर्ण संपवला आणि मग म्हणाले, "मिलिंद, सरडे काही तुझ्यासाठी थांबणार नाहीत. हे वर्ष जाऊ दे. पुढच्या वर्षी मी दुसऱ्या कुणाला पाठवतो."

दादा उठून बसला. "सर, उन्हाळ्यातले मोठे मी बघितलेत. त्यांचीच पिल्लं आता बाहेर आली असतील. दिवाळीपर्यंत बघितली नाहीत तर सगळं तुटतं."

"मान्य आहे. बघणार कोण?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, सायन्सलाच. सरांनीही माझ्याकडे पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं.

"आपल्याला सापांची भीती वाटते का?"

"वाटते," मी म्हणाले.

"मग जायला हरकत नाही. न वाटणाऱ्यांना मी पाठवत नाही." मग जरा थांबून, दादाकडे न बघता म्हणाले, "याला वाटायची. तरी."

सर गेल्यावर माय बोलली. "एक पोरगं तिथं गेलं अन् असं होऊन आलं. आता पोरगी बी पाठवा. मंग तुम्ही बी जा. मी बसतो इथं दगडावानी."

"मी जातो तिच्या संगं," बाबा म्हणाले.

"काहून? काय हाय तिथं? सरडेच ना?"

  सरडेच होते. आत पडलेला दादा एवढंच म्हणाला, "माय, माझ्याकडे आता दुसरं काही नाही." माय उठून बाहेर गेली. आम्ही निघायच्या दिवसापर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पण निघताना तिने भाकरीच्या फडक्यासोबत आणखी एक गाठोडं दिलं. त्यात गोणपाटाच्या शिवलेल्या पट्ट्या होत्या, जाड, दोन पदरी, पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायच्या. चार होत्या. दोन बाबांच्या मापाच्या, दोन माझ्या.

दादाने मला शिकवलं ते वॉर्डात, त्याच्या हातातून नळ्या निघालेल्या आणि शेजारी मशीन घरघरत असताना. बसायचं आणि आपण आहोत हे त्यांना विसरू द्यायचं. कोण कुठे बसलंय, किती उंचावर, उन्हात की सावलीत, जवळ कोण आहे. काय खातंय. कशाने पळालं. "आणि जे दिसलं नाही तेही बघायचं," तो म्हणाला. "लोक तेच विसरतात."

आम्ही नवरात्रात गेलो. काकींनी बाबांना दारात पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. दादाचा चेहरा बाबांवर गेलेला होता. त्यांनी भात आणि मासळीची आमटी वाढली, आणि दादा बसायचा त्याच जागी बाबांना बसवलं.

सड्यावर पाऊस संपून गवत पिवळं पडायला लागलं होतं. बाबा माझ्यापुढे चालायचे, पायाला गोणपाट, डोक्याला टॉवेल, हातातल्या काठीने प्रत्येक दगड ठोकत. साप असता तर नक्की गेला असता, पण सरडेही जात होते. शेवटी मी म्हणाले, "बाबा, असं केलं तर काहीच दिसणार नाही. बसावं लागेल." बाबांनी एक कातळ चारी बाजूंनी ठोकून पाहिला, मला तिथे बसवलं आणि स्वतः माझ्या मागे बसले. त्यांनी समुद्र तोवर कधी पाहिला नव्हता. सरडे सड्याच्या अंगाला होते म्हणून ते दिवसभर समुद्राकडे पाठ करून बसले. एकदाही त्यांनी किती वेळ असं विचारलं नाही.

वरचे दगड रिकामे होते. मी चुकीच्या ठिकाणी बसले असेन म्हणून जागा बदलून पाहिली, पण दादाने सांगितलेले दगड तेच होते. पहिल्या दिवशी एक नर दिसला. हाडं वर आलेला, शेपूट अर्धी तुटलेली, गळ्याचा रंग उतरून राखाडी झालेला. दगडाच्या बुडाशी बसला होता, वर नाही. पुढे तोही दिसला नाही. करवंदीच्या जाळीत थोड्या माद्या होत्या. अंडी घालून खंगलेल्या, पाठीची कातडी लोंबणारी. मोठे बहुतेक सगळे पावसाळ्यात संपतात, हे सरांनी मला नंतर सांगितलं. दादाने आजवर पिल्लं पाहिली होती ती श्रावणातल्या उघडिपीत, थोडे मोठे अजून शिल्लक असताना. एका उन्हाळ्यासाठी ते रंग असतात.

आणि खाली, वाळूच्या कडेला, मर्यादवेलीत पिल्लंच पिल्लं होती. करंगळीएवढी. वाळू तापली की एक पाय उचलायची, मग दुसरा. माश्यांवर झडप घालायची आणि निम्म्या वेळा चुकायची. आमच्या डोळ्यांसमोर एक कावळा उतरला, दोन उड्या मारल्या आणि एक घेऊन गेला. बाकीची वेलीत शिरली आणि थोड्या वेळाने परत त्याच जागी आली. बाबा एवढंच म्हणाले, "पाह्य, आली पुन्हा."

मी तिथे असेपर्यंत एकही पिल्लू सड्यावर चढताना दिसलं नाही. वर सावली होती, मुंग्या होत्या, दगडांना फटी होत्या. हाकलायला कुणीच उरलं नव्हतं. तरी ती खालीच होती. हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला, आणि आलं तेव्हा मी उठून उभी राहिले. सगळी पिल्लं पळाली. बाबा काठी घेऊन धावले, त्यांना वाटलं, साप.

परत आल्यावर दादाची मशीनची पाळी होती. मी स्टुलावर बसून सांगत होते आणि पलीकडच्या खाटेवरचे रिक्षावाले काका कुशीवर वळून ऐकत होते. दादा मधेमधे अडवायचा. वारा कुठून होता? वर ऊन किती वाजता यायचं? माद्या पिल्लांच्या अंगावर गेल्या का? नाही गेल्या, मी म्हणाले, त्यांच्यात तेवढा जीवच नव्हता.

"आणि वर एकही पिल्लू नाही."

"नाही."

"मोठे नसताना."

"मोठे नसताना."

 मग त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. कित्येक महिन्यांत ते मी पाहिलं नव्हतं. "म्हणजे इतके दिवस मी उगाच मोठ्यांना दोष देत बसलो," तो म्हणाला.

"मग का चढत नाहीत?" मी विचारलं.

"माहीत नाही. वर घारींना दिसत असतील. नाहीतर खाली त्यांना जे लागतं ते वर मिळत नसेल. मला खरंच माहीत नाही, प्रज्ञा." एवढं आनंदाने 'माहीत नाही' म्हणणारा माणूस मी पुढे पाहिला नाही. "कधीतरी चढतातच ना. मार्चपर्यंत हीच मोठी होऊन त्या दगडांवर बसणार. मधे कधी चढतात, आधी कोण चढतं, नर की मादी, ते बघायला हवं. थंडीत जाऊ आपण."

रिक्षावाले काका म्हणाले, "मला पण सांगा बरं का, चढले की."

थंडी पडली तेव्हा बाबांच्या तपासण्या जुळल्या होत्या आणि ऑपरेशनची तारीख मिळायची होती. एका दुपारी मशीनवरच दादाला हुडहुडी भरली. रक्तात जंतू गेले होते, असं डॉक्टर म्हणाले. ताप उतरला नाही. शेवटी शेवटी तो पाणी मागत होता, आणि मायने नर्सला विचारलं, "आता देऊ काय?" नर्सने मानेनेच हो म्हटलं. पण तेव्हा त्याला गिळता येत नव्हतं. मायने पदर भिजवून त्याच्या ओठांना लावला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

जलदानविधी घरासमोर मांडव घालून झाला. विधीत वाटीत पाणी ओततात, ती भरून सांडेपर्यंत. भंतेजी गाथा म्हणत होते आणि माय ओतत होती. वाटी भरली, ताटली भरली, पाणी सतरंजीवर आलं. तांब्या रिकामा झाला तेव्हा भंतेजींनी हात जोडले, पण मायने माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाली, "आन पानी." मी दुसरा तांब्या आणला. तोही तिने ओतला. कुणी तिला थांबवलं नाही.

बाबा लगेच कामावर गेले. घरी ते आधीपासूनच कमी बोलायचे, आता मुळीच बोलेनासे झाले. थंडीत सड्यावर जायचं ठरलं होतं, त्याचं नाव मीही कुणाजवळ काढलं नाही. सर एकदा भेटून गेले, पण मी तेव्हा घरी नव्हते. दादाचं काम कुणी पुढे नेलं का, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. आता तर एका मिनिटात शोधता येईल. मी शोधलेलं नाही.

एका दुपारी मी बाबांचा डबा घेऊन भुसार विभागात गेले. गाडी यायला वेळ होता, टोळी थप्पीच्या सावलीत चहा पीत बसली होती आणि मधे बाबा उभे होते. मला ते दिसले, मी त्यांना नाही. बाबा बोलत होते. सगळ्यात वरच्या पोत्यावर हात ठेवून म्हणाले, "नर इथं. हा त्याचा दगड." मग वाकून खालच्या पोत्यांच्या फटीवर थाप मारली. "माद्या इथं, जाळीत. अन् पिल्लं..." ते चार पावलं चालत गेले, ऊन होतं तिथपर्यंत, आणि फरशीवर सांडलेल्या दाण्यांकडे बोट दाखवलं. "पिल्लं इथं. उन्हात. इथं कावळे येतात." नगरकडचा एक म्हातारा हमाल बिडी विझवून म्हणाला, "आन् मोठे मेल्यावर?"

"तरी इथंच. आमी सोता पाह्यलं, मी अन् पोरीनं."

"मग वर का न्हाई येत?"

बाबांनी थप्पीकडे पाहिलं. बशीतला चहा निवला होता, तो त्यांनी एका घोटात संपवला.

"तेच तर पोराले पाहाचं होतं," ते म्हणाले. "तेच पाहाचं राहून गेलं."